रस्त्याच्या मिनिटांचे पैसे

ऋतुजा,


तुझी मेल वाचून आधी आनंद झाला, मग थोडी धास्तीही वाटली. इथे इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या प्रौढ सेवा विभागात रुजू होऊन जेमतेम महिना झाला, तोच साहेबांनी होमकेअरच्या 'टिकाऊ मार्केट'चा आराखडा तुझ्या गळ्यात घातला! अठरा वर्षांवरचा कुणीही, म्हातारा असो, अपंग असो, आजारी असो, त्याला घरच्या घरी मदत मिळत राहील अशी तजवीज करायची आणि तीही पुढच्या कित्येक वर्षांची. माझी नोकरी याच कामात गेली, फक्त काउंटी दुसरी. "सुरुवात कुठून करू?" असं तू विचारलंयस. या विषयावर मला तोंड उघडायला लावलं की चहा दोनदा करावा लागतो, हे तुझी आई तुला सांगेल.

दराच्या तक्त्यापासून सुरुवात करू नकोस, एवढं आधी सांगते. अमुक कंपनी तासाला किती पौंड मागते, शेजारची काउंटी किती देते, गेल्या वर्षी महागाईपोटी किती टक्के वाढवले, अशा एक्सेल शीट तुझ्यापुढे येतीलच. त्या लागतातही. पण त्याआधी एक दिवस एखाद्या केअररबरोबर तिच्या गाडीत बस. कंपन्या नाही म्हणत नाहीत. कौन्सिलची बाई कशाला येतेय म्हणून सुरुवातीला जरा बिचकतात, एवढंच.

मी अशी एका फेब्रुवारीत फिरले होते. सकाळी सातला पहिलं घर. दाराशेजारी भिंतीवर की-सेफ, त्याचा नंबर दाबून किल्ली काढायची, आत गेल्यावर फाइलवरच्या टॅगला फोन टेकवायचा, की घड्याळ सुरू. पार्किन्सन्सचे आजोबा. त्यांची गोळी वेळेवर गेली नाही तर पुढचे दोन तास त्यांचं अंग लाकडासारखं. केअररने त्यांना उठवलं, कॅथेटरची पिशवी रिकामी केली, अंग पुसून कपडे घातले, मायक्रोवेव्हमध्ये पॉरिज केलं. गोळ्या एकेक करून दिल्या, कारण त्यांना घास गिळायला वेळ लागतो. शेवटी औषधांच्या तक्त्यावर सही. अर्ध्या तासाची भेट, बाहेर पडताना बत्तीस मिनिटं झालेली. पुन्हा टॅगला फोन, घड्याळ बंद. मग गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडणं. ते कुणाच्याच हिशेबात नाही. दुसऱ्या घरी 'डबल-अप' होतं, म्हणजे बाईंना हॉइस्टने उचलायचं आणि त्याला दोन केअरर लागतात. जोडीदारीण एका ट्रॅक्टरच्या मागे अडकलेली. ती येईपर्यंत आमची केअरर दारात उभी आणि आतल्या बाई अंथरुणात ओल्या. तिसरं घर, चौथं घर. अकराच्या सुमारास मी तिला विचारलं, बाथरूमला कुठे जातेस? ती हसली आणि म्हणाली, सुपरमार्केट वाटेत आलं तर जाते, नाही तर पाणी कमी पिते. टेंडरच्या कागदांमध्ये हा प्रश्न तुला कुठे दिसणार नाही.

आता हिशेब मांडू. धर, तिला सात ते साडेबारापर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाच्या आठ भेटी आहेत. म्हणजे घरात चार तास. मधले सात प्रवास सरासरी तेरा मिनिटांचे, म्हणजे साधारण दीड तास. कंपनी जाहिरातीत लिहिते, 'तासाला १३ पौंड'. पण पैसे मिळतात टॅगपासून टॅगपर्यंतचे, म्हणजे चार तासांचे ५२ पौंड. ते साडेपाच तासांवर पसरले, की तासाला साडेनऊसुद्धा पडत नाहीत. एप्रिल २०२५ पासून देशाचं किमान वेतन १२.२१ पौंड झालं आणि एका भेटीवरून दुसऱ्या भेटीला जाण्याचा वेळ हा कामाचाच वेळ, असं कायदा म्हणतो. जाहिरातीतला दर खरा, पगाराची पावती खरी आणि तरीही कायदा मोडलेला. हे होऊ द्यायचं नसेल तर रस्त्याची मिनिटं कुणीतरी भरायला हवीत. कंपनी आपल्या नफ्यातून भरेल, अशी आशा करत बसणं म्हणजे आराखडा नव्हे. कौन्सिलने दिलेल्या दरात ती नसतील तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

होमकेअर असोसिएशन, म्हणजे या कंपन्यांची संघटना, दरवर्षी किमान दर जाहीर करते. २०२५-२६ साठी इंग्लंडचा आकडा तासाला ३२.१४ पौंड होता. पहिल्यांदा ऐकणारा म्हणतो, बारा पौंडांच्या बाईचे बत्तीस कसे? संघटना आपल्या सभासदांची बाजू मांडणार, हे लक्षात ठेवूनच तो आकडा वाच, पण उलगडून वाच. वेतन, रस्त्याचा वेळ, गाडीचे मैलामागचे पैसे, भरपगारी रजा, आजारपण, पेन्शन, प्रशिक्षण, हातमोजे. मग कचेरी: नोंदणीकृत मॅनेजर, रोटा (पाळ्यांचं वेळापत्रक) लावणारी माणसं, रात्री फोन उचलणारा, विमा, नियामकाची फी. त्यात एप्रिल २०२५ मध्ये मालकाचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्के झाला आणि तो ज्या वार्षिक पगारापासून लागू होतो तो आकडा ९,१०० वरून ५,००० पौंडांवर आणला. आठवड्यातल्या काही पाळ्याच करणाऱ्या बायकांवर हा व्यवसाय चालतो, त्यामुळे दुसरा बदल पहिल्यापेक्षा जास्त बोचला. बऱ्याच कौन्सिलांचा दर त्या बत्तीसच्या खाली आहे. तुझ्या कौन्सिलचा किती, ते तू लिहिलं नाहीस.

मैलामागचे पैसे घे. करमुक्त देता येतात ते मैलाला ४५ पेन्स. ही मर्यादा २०११ ची. पेट्रोल, विमा, टायर सगळं वाढलं, हा आकडा तसाच बसून राहिला. बऱ्याच कंपन्या तेवढेही देत नाहीत, कारण देणं बंधनकारक नाही.

हे असं का झालं, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. एकेकाळी कौन्सिलच्या स्वतःच्या 'होम हेल्प' बायका असत, कौन्सिलच्या पगारावर, कौन्सिलच्या पेन्शनवर. १९९० च्या कायद्याने ते चित्र पालटलं. एप्रिल १९९३ पासून तो अमलात आला, तेव्हा सरकारने कौन्सिलांकडे जो जादा पैसा वळवला त्याला अट घातली, की यातले ८५ टक्के बाहेरच्या, म्हणजे खासगी किंवा धर्मादाय, संस्थांवर खर्च करा. त्या काळी सरकारी खर्चाने मिळणारी घरची सेवा जवळजवळ सगळी कौन्सिलची माणसंच देत. पुढच्या वीस वर्षांत ती जवळजवळ सगळी बाहेर गेली. तेव्हा 'मार्केट आपलं आपण जुळवून घेतं' असं कुणी बैठकीत म्हणालं तर त्यांना शांतपणे आठवण करून दे, की हे मार्केट सरकारी फर्मानातून जन्मलंय. त्यात सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे कौन्सिल. दरही तेच ठरवणार आणि टंचाईची तक्रारही तेच करणार, हे बरोबर नव्हे.

२०१४ च्या केअर अॅक्टचं पाचवं कलम पाठ कर. आपल्या हद्दीत सेवांचं मार्केट नीट चालावं, त्यात निवड असावी, दर्जा असावा, ते टिकावं, ही जबाबदारी त्याने कौन्सिलवर टाकली. तुझा पगार त्या कलमातून निघतो. अठ्ठेचाळिसावंही वाचून ठेव. नोंदणी असलेली कंपनी व्यवसायातच कोलमडून सेवा देऊ शकेनाशी झाली, तर तिच्याकडून सेवा घेणारी माणसं तात्पुरती सांभाळणं हे कौन्सिलचं कर्तव्य, मग त्यांचे पैसे आधी कुणी का भरत असेना. २०१८ मध्ये अलाइड हेल्थकेअर या देशभर पसरलेल्या कंपनीवर ती वेळ येऊन ठेपली होती. नोव्हेंबरमध्ये केअर क्वालिटी कमिशन या नियामकाने ८४ कौन्सिलांना पत्र पाठवलं, की ही कंपनी पुढे सेवा देऊ शकेल याची खात्री आम्हाला वाटत नाही. ९ हजारांहून जास्त माणसांचा प्रश्न होता. महिनाअखेर कंपनी विकली गेली आणि मोठा अनर्थ टळला. पण त्या दिवसांत बऱ्याच कौन्सिलांच्या कचेऱ्यांत एक गोष्ट उघडी पडली: कागदावर कंपन्यांच्या यादीत चाळीस नावं, प्रत्यक्षात उद्या सकाळी माणूस पाठवू शकतील अशी किती?

अशी मोठी पडझड क्वचित होते. रोजचं दुखणं 'हँडबॅक'चं. शुक्रवारी दुपारी तीन वाजता मेल येते: अमुक सहा पॅकेजं सोमवारपासून आम्हाला जमणार नाहीत. पाहिलं तर सहाच्या सहा घरं काउंटीच्या टोकाला, एकेका घराला पंचवीस मिनिटांचा रस्ता. याला मी कंपनीचा कृतघ्नपणा मानत नाही. शहरातल्या दाट वस्तीला आणि डोंगरातल्या विखुरलेल्या वाड्यांना एकच दर लावला तर दुसरं काय होणार? त्यातून सुखवस्तू गावांत स्वतःचे पैसे भरणारी गिऱ्हाइकं मिळतात, तीही कौन्सिलपेक्षा जास्त दराने. २३,२५० पौंडांपेक्षा जास्त शिल्लक असली की कौन्सिल पैसे देत नाही. हा आकडाही २०१० पासून हललेला नाही. घरच्या सेवेसाठी राहतं घर त्यात धरत नाहीत, एवढं बरं. तर कंपनी स्वतःचे पैसे भरणाऱ्यांकडे वळते आणि कौन्सिलची गरीब म्हातारी ब्रोकरेजच्या, म्हणजे कंपनी शोधून देणाऱ्या कचेरीच्या, यादीत तिष्ठत राहते.

'खऱ्या खर्चाचा' हिशेब एकदा देशभर झालाय, हे तुझ्या साहेबांनी सांगितलं का? २०२२ मध्ये सरकारने १६ कोटी २० लाख पौंड देऊन सगळ्या कौन्सिलांना कामाला लावलं: कंपन्यांना विचारा, एका तासाला प्रत्यक्षात किती पडतं, मधला आकडा काढा, मार्केट कसं टिकवणार ते लिहा. होमकेअरमध्ये अठरा वर्षांवरचे सगळे धरले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आकडे गेले, मार्च २०२३ अखेर अंतिम आराखडे प्रसिद्ध झाले. ज्या मोठ्या सुधारणेच्या नावाखाली हे सगळं चाललं होतं, ती माणसाच्या आयुष्यभराच्या केअरच्या खर्चावर ८६ हजार पौंडांची मर्यादा, आधी पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये रद्दच केली. लोक म्हणतात, नुसते कागदी घोडे. मी म्हणत नाही. तुझ्या कौन्सिलचा तो अहवाल शोधून काढ. त्यात भेटीमागे सरासरी किती मिनिटं रस्त्यात जातात, याचा आकडा तुझ्याच हद्दीतल्या कंपन्यांनी दिलेला सापडेल. आकडे जुने झालेत, पण मिनिटं फारशी बदलत नाहीत, रस्ते तेच आहेत.

आता जरा नाजूक विषय. माणसं मिळेनात म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये केअररना परदेशातून आणायला व्हिसा खुला केला. भारतातून पुष्कळ तरुण आले, आपल्याकडचेही. रिकाम्या जागा भरल्या, कौन्सिलांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि दर वाढवण्याची गरज मागे पडली. माझ्या मते तिथेच घात झाला. रातोरात एजन्स्या निघाल्या. एजंटांना लाखो रुपये मोजून, कर्ज काढून आलेल्या मुलींना इथे उतरल्यावर कळलं, की कबूल केलेले तास नाहीतच. बोललं तर स्पॉन्सरशिप जाईल ही भीती. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात सरकारने केअर क्षेत्रातल्या ४७० हून अधिक मालकांचे परवाने रद्द केले. त्यांच्याशी ३९ हजारांहून अधिक कामगार जोडलेले होते. मार्च २०२४ पासून केअररना कुटुंब आणायला बंदी झाली आणि २२ जुलै २०२५ पासून बाहेरून नवी भरतीच थांबली. म्हणजे ज्या कुबडीवर मार्केट उभं होतं ती काढून घेतली. आराखड्यात 'मनुष्यबळ' या मथळ्याखाली गुळमुळीत वाक्यं लिहू नकोस. तुझ्या हद्दीतले किती केअरर अशा व्हिसावर आहेत आणि त्यांचे व्हिसा केव्हा संपतात, हे कंपन्यांकडून लेखी माग.

पंधरा मिनिटांच्या भेटींवर पुष्कळ लिहून झालंय. नाइस या राष्ट्रीय संस्थेने सप्टेंबर २०१५ मध्येच सांगितलं, की ठरावीक, मोजक्या कामांखेरीज भेट अर्ध्या तासाच्या खाली नको. तरी बजेटला ओढाताण आली की पहिला हात तिथेच जातो. दात कोरून पोट भरत नाही, हे आपल्या आजीला कळत होतं. भेट पंधरा मिनिटांची केली तरी रस्ता तेवढाच राहतो, उलट सेवेच्या दर तासामागे रस्त्याची मिनिटं दुप्पट होतात.

मग करायचं काय? माझं मत विचारशील तर मिनिटावर पैसे मोजणं आधी सोड. काउंटीचे विभाग पाड, दर विभागात एक-दोन कंपन्यांना खात्रीचे तास दे, म्हणजे त्या केअररना पाळीचा पगार देऊ शकतील, सात ते दोन, घरात असो की रस्त्यात. घरं जवळजवळ आली की रस्ता आपोआप आखडतो. यात धोका आहे. ती एकुलती कंपनी बिघडली तर पुढची शुक्रवारची मेल मोठी असेल. म्हणून दोन ठेव आणि टोकाच्या गावांना वेगळा दर दे. टेंडरमध्ये किमतीला किती गुण, दर्जाला किती, यावर तुझी वित्त विभागाशी खडाजंगी होईल. होऊ दे. सगळ्यात स्वस्त बोली करणाऱ्याला एकच प्रश्न विचार: तुमच्या एका केअररचा एका आठवड्याचा रोटा दाखवा, रस्त्याच्या वेळेसकट. नावं झाकून चालेल. ज्याला दाखवता येत नाही त्याची बोली बाजूला ठेवायला वकील लागत नाही, अट आधीच टेंडरमध्ये घातली म्हणजे झालं.

म्हाताऱ्यांच्या नादात तरुणांना विसरू नकोस. कौन्सिलांच्या प्रौढ सेवांचा जवळजवळ अर्धा पैसा कामाच्या वयातल्या अपंग माणसांवर जातो आणि चर्चा मात्र पंच्याऐंशी वर्षांच्या आजीची. अठ्ठावीस वर्षांच्या, व्हीलचेअरवरच्या मुलाला रोटाच्या सोयीसाठी रात्री आठला अंथरुणात टाकतात. त्या वयात तू आठला झोपत होतीस का? त्याला सिनेमाहून आल्यावर अकराला केअरर हवी. अशांसाठी 'डायरेक्ट पेमेंट' आहे, १९९६ च्या कायद्यापासून. कौन्सिल पैसे देते, माणूस तो स्वतः नेमतो. कल्पना उत्तम, पण त्याबरोबर तो मालक होतो, म्हणजे पगाराचा कर, रजेचे पैसे, विमा, सगळी लचांडं त्याच्या डोक्यावर. त्यात मदत करणारी दोन माणसं तू नेमलीस तर चार टेंडरांहून जास्त काम होईल.

भाषेचं बघ. इथे आयुष्य काढलेल्या आपल्या एका काकूंना डिमेन्शिया झाला. पन्नास वर्षांची इंग्रजी आधी गेली, मराठी उरली. केअरर प्रेमळ होती, पण काकू "पुरे" म्हणाल्या की ती आणखी वाढायची. शेवटी डायरेक्ट पेमेंट घेऊन एक मराठी बाई शोधली, मऊ भात करणारी. अशी माणसं मोठ्या कंपनीच्या रोटात सापडत नाहीत. सॉमरसेटमध्ये गेली दहाएक वर्षं कौन्सिलने कम्युनिटी कॅटलिस्ट्स या संस्थेच्या साथीने गावोगावच्या एकट्यादुकट्या माणसांना याच कामात उभं केलं आणि त्यांची संख्या शेकड्यांत गेली. जिथे कंपनीची गाडी पोचत नव्हती तिथे त्याच गल्लीतली बाई चालत जाऊ लागली. अशा एकट्याने काम करणाऱ्यांना बहुधा नियामकाची नोंदणी लागत नाही, तेव्हा लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न मला अजूनही बोचतो. पण रस्ता वाचतो, हे कबूल करायला हवं.

इस्पितळातून घरी आलेल्यांना पुन्हा पायावर उभं करण्याची सहा आठवड्यांपर्यंतची मोफत मदत आहेच. तिच्याबाबत हात आखडता घेऊ नकोस, पुढचे तास तिथेच वाचतात.

पुण्यात आजीसाठी ब्यूरोकडून बाई ठेवली, तेव्हा तू आईला म्हणाली होतीस, इंग्लंडमध्ये हे सगळं किती व्यवस्थित असतं! पुण्यात बारा तासांच्या ड्यूटीचे पैसे ठरतात आणि ब्यूरो त्यातून कमिशन कापतो, नियम नाही, तपासणी नाही, बाईंनी दांडी मारली की घर ठप्प. मला त्याचं कौतुक नाही. पण तिथे बाईंच्या ड्यूटीचा अख्खा वेळ निदान मोजला जातो, हे इथल्या बैठकीत सांगायला हरकत नाही.

प्रौढ सेवांच्या सुधारणेसाठी सरकारने नेमलेला बॅरोनेस केसी यांचा आयोग २०२८ पर्यंत अंतिम अहवाल देणार आहे. तोवर थांबू या, असं तुला बरेच जण सांगतील. तुझ्या यादीतल्या आजोबांची गोळी उद्या सकाळी सातची आहे. तेव्हा पुढच्या मेलमध्ये तीन गोष्टी कळव: तुमचा तासाचा दर किती, त्यात रस्त्याची मिनिटं किती धरलीत आणि ती कुणी मोजली. मग आराखड्याचं पहिलं पान आपण दोघी मिळून लिहू.

तुझी,
मावशी